दिवाळीच्या गोधड्या: आधी सोयाबीन वजा करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं. परभणीकडच्या गावात तुम्ही घरीच गोधड्या शिवून देता, दुपारच्या चार-चार तासांसाठी दोन बाया येतात. मागच्या दिवाळीला 30 ऑर्डरी घेतल्या, त्यातल्या 17 वेळेत गेल्या. बाकीच्यांनी बोल लावला, तिघींनी तर इसार परत मागितला. यंदा आषाढातच चाळीस जणींनी विचारून ठेवलंय. मग मशीन घ्यावी, बाया वाढवाव्यात की लोकांना नाही म्हणावं, हे तुम्हाला ठरत नाही.

मी केज तालुक्यात बावीस वर्षं हेच काम करते. पहिली पाच-सहा वर्षं तुमच्यासारखीच गेली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दिवे लावून झाल्यावर मी गोट, म्हणजे कडेची पट्टी, शिवत बसलेली, आणि दारात गिऱ्हाईक. तेव्हा मलाही वाटायचं की हात कमी पडतात. हात कमी नव्हते, माझं मोजायचंच चुकत होतं. मी गोधड्या मोजत होते. मोजायचे असतात तास, आणि ते मोजताना आपल्या भागात मध्ये सोयाबीन येतं हे धरायचं असतं.

आधी एका गोधडीचा हिशोब करू. सिंगल पाच बाय सात फुटांची धरा, सहा थरांची. ओळी एकेक इंचावर घातल्या तर पाच फुटांत साठ ओळी, प्रत्येक सात फुटांची. म्हणजे 420 फूट धावदोरा. सरावलेली बाई सहा थरांतून तासाला वीसेक फूट जाते, माझ्याकडे तरी हाच वेग आहे. 21 तास झाले. थर अंथरणं, कच्चे टाके, गोट याचे चार धरा. एक गोधडी, 25 तास. तुमच्या बायांचा वेग थोडा इकडेतिकडे असेल, म्हणून माझा आकडा उचलू नका. एक दिवस घड्याळ लावून बसा आणि टेप घेऊन मोजा.

आता दिवस. यंदा, 2026 साली, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. शेवटचा आठवडा गोट, वाटप आणि आपल्या घरच्या फराळाला सोडला तर शिवायला 1 ऑगस्ट ते 31 ऑक्टोबर मिळतात, म्हणजे 92 दिवस. यातून मी काय काय वजा करते ते सांगते. नागपंचमी आणि राखीचे तीन, पंचमीला तर कापायचं-चिरायचंच नाही. पोळ्याचे दोन. महालक्ष्म्यांचे, म्हणजे गौरींचे, चार, त्या चार दिवसांत आपल्याकडची बाई सुई हातात धरेल असं समजू नका. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण काढून धुतात, त्याचे चार. नवरात्र-दसऱ्याचे तीन. दुखणी-खुपणी, मयत, पाहुणे यांचे सहा. आणि सोयाबीन काढणीचे बावीस. बेरीज 44. उरले 48 दिवस. दोन बाया, चार-चार तास, म्हणजे 384 तास. भागिले 25 केलं तर पंधरा गोधड्या, फार तर सोळा.

मागच्या वर्षी तुमच्या 17 गेल्या होत्या. म्हणजे तुमच्या बायांनी कुचराई केली नाही, उलट थोडं जास्तच काम केलं. तेरा ऑर्डरी घेतल्या त्याच दिवशी उशिरा झाल्या होत्या.

सोयाबीनचं जरा जास्त बोलते, कारण पुण्या-मुंबईच्या बायकांचा सल्ला आपल्याला इथंच उपयोगी पडत नाही. दिवाळी तिथीप्रमाणे हलते. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. सोयाबीन तिथी बघत नाही. जून-जुलैत पेरलेलं साधारण शंभर दिवसांत, सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरभर काढणीला येतं. दिवाळी लवकर आली की ऐन शिवणीचे दिवस आणि काढणीचे दिवस एकच होतात. एकराचं गुत्तं, म्हणजे ठेका, घेतलेल्या पाच-सहा बाया पहाटे निघतात आणि दिवसाला जे कमावतात ते आपण दुपारच्या शिवणकामात देऊ शकत नाही. तेव्हा रागावून उपयोग नाही. यंदा अधिक महिन्यामुळे दिवाळी उशिरा आहे, त्यामुळे काढणी झाल्यावर थोडी उसंत मिळेल. पण उशिरा दिवाळीचं दुखणं वेगळं. कापूस वेचणीला आलेला असतो आणि आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली बाई भाऊबीज झाली की निघतेच, कधी त्याच्याही आधी. ती परत दिसते गुढीपाडव्याच्या आसपास. परभणीकडे ऊसतोडीचा जोर आमच्याइतका नसेल, हे तुमच्या गावावर आहे. तुमच्या दोघींना आजच विचारा, यंदा तोडीला जाणार का, सोयाबीनचं गुत्तं धरणार का. त्या खरं सांगतील, आपण विचारत नाही एवढंच.

पावसाचंही तसंच. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं जे झालं ते तुम्हीही पाहिलं असेल. धुतलेल्या साड्या माझ्या ओसरीत आठ-आठ दिवस ओल्या लटकत होत्या. ओलसर साडी थरात घातली की आत कुबट वास धरतो आणि तो पुन्हा जात नाही. म्हणून आता मी गिऱ्हाइकाकडून साड्या धुऊन, वाळवूनच घेते. नवं मांजरपाट अस्तराला लावणार असाल तर तेही आधी भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचा थर पोळीसारखा फुगतो.

मशीनचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येणार नाही. मशीननं थर जोडणं आणि गोट लावणं पटकन होतं, म्हणजे 25 तासांतले तीनेक वाचतात. पण गिऱ्हाइकाला हातटाक्याची गोधडी कबूल केली असेल तर ते 21 तास तिथंच राहतात. मशीन घेतली म्हणून पंधराच्या चाळीस होत नाहीत, अठराच्या आसपास होतील. पूर्ण मशीनवर मारायची तर वस्तूच वेगळी होते. ती दिवसात होते, स्वस्त पडते, तिलाही गिऱ्हाईक आहे. माझ्याकडे दोन्ही आहेत, भाव वेगळे आहेत, आणि वहीत नावापुढे 'हात' किंवा 'मशीन' असं लिहिलेलं असतं. मशीनची गोधडी हातची म्हणून एकदा जरी गेली तरी गावात कळायला चार दिवस लागत नाहीत. घेणार असाल तर पायमशीनच घ्या, मोटर नंतर बसवा. ऑक्टोबरात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. सहा थरांना 18 नंबरची सुई लावा, 14 ची तुटते.

मशीनपेक्षा मला जास्त उपयोग झाला तो ओळींचा. सगळ्यांनाच इंचाची ओळ लागते असं नाही. दोन इंचांवर ओळ घातली तर 420 चे 210 फूट होतात आणि गोधडी पंधरा तासांत निघते. ती जरा फुगीर, मऊ राहते. टिकायला इंचाच्या ओळीइतकी नाही, हे मी तोंडावर सांगते. दोन्हींचे नमुने दाराशी टांगलेत, हात लावून बघा म्हणते. निम्म्या जणी दोन इंचांचीच घेतात.

बाया वाढवायच्या का? भाद्रपदात शोधायला निघालात तर मिळणारच नाहीत. आणि नव्या हाताचा टाका वेगळा दिसतो. एका गोधडीत दोन हात चालतात, पण मग दोघी पहिल्या ओळीपासून समोरासमोर बसलेल्या हव्यात. नवीला आधी लेकरांच्या दुपट्यांवर बसवा. माझ्याकडचा सगळ्यात भरवशाचा हात मात्र सत्तरीच्या एका आजीचा आहे. त्या शेतात जात नाहीत, तोडीला जात नाहीत, महालक्ष्म्यांचं सगळं सुना करतात. फक्त सुईत दोरा ओवायला त्यांना दिसत नाही. त्यांची नात सकाळी शाळेत जायच्या आधी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवते. संध्याकाळी ती परत येते तेव्हा उशी मोकळी झालेली असते. तुमच्याही गल्लीत अशा दोन आज्या असतील, त्यांना घरपोच गोधडी नेऊन द्या.

मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी चुकती करा, झालेल्या ओळींप्रमाणे. 'दिवाळीला एकदम देते' म्हणणाऱ्याकडे बाई टिकत नाही, कारण तिची दिवाळीही त्याच पैशांवर असते. मी तासाला 40 रुपये धरते, म्हणजे इंचाच्या सिंगलला बाईचे 1000. दोरा, गोट, अस्तर दोनशेपर्यंत जातं. साड्या गिऱ्हाइकाच्या असतील तर मी 1600 घेते, निम्मा इसार ऑर्डर देतानाच. तो इसार म्हणजे बायांचा बाजाराचा पैसा, त्याला मी हात लावत नाही. तुमच्याकडचे भाव वेगळे असतील, पण इसार न घेता वहीत नाव घालू नका. चाळीसपैकी किती नावं खरी आहेत ते इसार मागितला की कळतं.

आता त्या चाळीस जणींचं. प्रत्येकीला फोन करा आणि दोन प्रश्न विचारा: गोधडी कोणासाठी, आणि ती व्यक्ती परत कधी जाणार? आपल्याकडे कडाक्याची थंडी पडते मार्गशीर्ष-पौषात. लक्ष्मीपूजनाला कुणी गोधडीवाचून कुडकुडत नसतं. लोक 'दिवाळीला द्या' म्हणतात ते सवयीनं. खरी मुदत असते ती माहेरी आलेल्या लेकीची. ती भाऊबीज करून पुण्याला निघते, आणि आईच्या साड्यांची गोधडी तिच्या पिशवीत जायला हवी. अशा नावांपुढे मी लाल खूण करते. घरात वापरायची, तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नात द्यायची, बाळंतिणीची, या सगळ्यांची तारीख वेगळी निघते. संक्रांतीपर्यंत थांबणाऱ्यांना मी शंभर रुपये कमी लावते. लोक आनंदानं थांबतात. माझ्या वहीत दरवर्षी साधारण निम्मी नावं अशी सरकतात. तुमच्या चाळीसपैकी वीस-एकवीस लाल खुणा उरल्या असं समजू. इंचाच्या ओळीच्या सात आणि दोन इंचांच्या चौदा घेतल्या तर 385 तास होतात. तुमच्याकडे 384 आहेत. म्हणजे बाई न वाढवता, मशीन न घेता काम बसतं. अर्थात काठोकाठ. त्यात नणंदेची फुकटातली गोधडी घालायला जागा नाही, हे घरात आत्ताच सांगून टाका.

माझा एक नियम आहे, पोळा फुटला की दिवाळीची वही बंद. त्यानंतर आलेलं गिऱ्हाईक सख्खं असो की पाटलाचं, तारीख संक्रांतीचीच मिळते. पहिल्या वर्षी दोघी-तिघी रुसल्या. दुसऱ्या वर्षी त्याच जणी श्रावणात आल्या.

साड्या घेताना दारातच मोजायला शिका, कारण दोन साड्या देऊन डबल मागणारी बाई प्रत्येक गावात आहे. सहावारी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट, आणि पन्हा 45 इंच, म्हणजे पावणेचार फूट. डबल सात बाय आठची असेल तर आठ-आठ फुटांचे दोन तुकडे शेजारी जोडून एका साडीत एकच थर होतो. म्हणजे जितके थर तितक्या साड्या, वर एक गोटाला. सिंगलला पाच फुटांचे तुकडे पाडले तर एका साडीत तीन निघतात आणि दोन तुकड्यांचा एक थर होतो. म्हणून सहा थरांना चार साड्या पुरतात. कमी पडल्या तर मी बोहारणीकडून घेतलेल्या सुती साड्या आत घालते, पण विचारून. काहींना परक्याचं नेसलेलं कापड पोटात चालत नाही, त्यांना मांजरपाट. सिंथेटिक साडी वर घेऊ नका, सरकते आणि ओळ वाकडी होते. ती आतच बरी. लाल आणि जांभळ्या साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग उतरला तर तीही आत.

आणि साड्यांवर खूण करा. हे मी फार महागात शिकले. एका वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात दोन गाठोडी आली, दोन्हींत हिरवी इरकल. चिठ्ठ्या गाठीत खोचलेल्या होत्या. त्यातली एक चिठ्ठी पडली, घाईत मी अंदाजानं बांधली, आणि एका घरची इरकल दुसऱ्या घरच्या गोधडीत कापली गेली. ती त्या बाईच्या वारलेल्या आईची शेवटची साडी होती. कात्री चालवताना काठाला तंबाखूच्या मिसरीचा डाग दिसला होता, तेव्हाच मी थांबायला हवं होतं, पण आणखी नऊ गोधड्या पडल्या होत्या. नंतर सगळे टाके उसवून तुकडे परत जोडले, पैसे घेतले नाहीत. ती काही बोलली नाही. जोडलेल्या काठावरून नुसतं बोट फिरवत बसली. तेव्हापासून गाठोडं सोडलं की पहिलं काम एकच: प्रत्येक साडीच्या कोपऱ्याला गिऱ्हाइकाच्या रंगाच्या दोऱ्यानं फुली, वहीत तोच दोरा चिकटवलेला, आणि मोबाईलवर सगळ्या साड्या पसरून एक फोटो. दहा मिनिटं जातात. गर्दीत ती दहा मिनिटं वाचवावीशी वाटतात, तेव्हा मला तो मिसरीचा डाग आठवतो.

म्हणजे आत्ता लगेच करायचं ते इतकं: एका बाईचा वेग मोजा, दोघींना सोयाबीन आणि तोडीचं विचारा, चाळीस जणींना फोन करून लाल खुणा करा, इसार घ्या. मशीनचा विचार दिवाळीनंतर.

पुढच्या वर्षासाठी मात्र चैत्र-वैशाख वाया घालवू नका. तोडीच्या बाया पाडव्याला परत येतात, शेतात काही काम नसतं, आणि उन्हामुळे दुपारी कुणी बाहेर पडत नाही. आपल्या आज्या वाकळा उन्हाळ्यातच शिवायच्या ते उगाच नाही. मी त्या दोन महिन्यांत गोधड्यांची पोटं तयार करून ठेवते. पाच बाय सातचे मधले चार थर मांजरपाट आणि सुती साड्यांचे, कच्च्या टाक्यांनी धरलेले, घडी घालून कडुलिंबाच्या पाल्यासकट ट्रंकेत. दिवाळीत फक्त वरची आणि खालची साडी गिऱ्हाइकाची घालायची. अंथरण्या-जोडण्याचे चारपैकी दोन-अडीच तास तिथंच वाचतात. पण 'आईची साडी वर-खाली आहे, पोट माझं आहे' हे आधी सांगून. ज्यांना सगळे थर आईचेच हवेत त्यांची उन्हाळ्यातच पूर्ण शिवायला घ्या.

दसऱ्यानंतर बायांना दोन दिवस सुट्टी द्या, कितीही काम पडलेलं असलं तरी. तुळजापूरची आई सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. आमच्या आजी दरवर्षी मला याचीच आठवण देतात आणि सुई खाली ठेवतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या निळ्या गोधडीचं राहिलंच. मध्यभागी चुण्या पडल्यात त्या दोऱ्यामुळे नाहीत. तुमच्या बाया चारी कडांवरून सरळ आत येतायत, त्यामुळे वरचा थर मध्ये गोळा होतो. शिवायला बसायच्या आधी गोधडी फरशीवर ताणून, कोपऱ्यांवर वरवंटा-पाट्यासारखं वजन ठेवा, आणि मधून कडेकडे वीतभर अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घाला. मग कडेवरून शिवत आत या. ओळी संपल्या की कच्चा दोरा ओढून काढायचा. निळीची मधली आठ-दहा ओळ उसवलीत तर ती अजूनही सरळ होईल.